पुंगळी कुठल्या रायफलीची?

आई,

इथे सगळे मला आंटी म्हणतात. दुकानदार, वॉचमन, लिफ्टमध्ये भेटणारी कालची पोरं, सगळे. जबल अली बंदरातल्या मालवाहतूक कंपनीत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. तिथे लोक मला मॅडम म्हणत आणि जरा घाबरतही. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हातात काचेची एक ढाल ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी आंटी झाले. तू बेळगावात जन्मभर ‘वकिलीणबाई’ राहिलीस, त्याचाही मला राग येतो, पण त्याकडे नंतर येते. आज लिहायला बसले आहे त्याचं कारण तुझी पणती. माझी ही नात कॉलेजात शिकते, आणि शनिवारी सकाळी शहराबाहेर वाळवंटातल्या एका क्लबात रायफल चालवायला जाते. गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेले. तिच्या चटईवर पडलेल्या, गोळी उडाल्यावर उरणाऱ्या पितळी पुंगळ्या पाहिल्या आणि तू आठवलीस. हार घातलेल्या फोटोतली नव्हे. ओट्याशी उभी, पदर खोचलेला, बोटाला एरंडेल लागलेलं, आणि चेहऱ्यावर ‘मध्ये बोलू नकोस’ असा भाव.

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. अण्णांनी रायफल घेतली ती मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून. रायफल घरी आली आणि काही दिवसांतच तिची काडतुसं बाहेरून येणं बंद झालं. म्हणजे उडालेली पुंगळी फेकायची नाही, पुन्हा भरायची. दारू आणि गोळी अण्णा स्वतः भरत, परवान्याचा कागद भिंतीवर लावून, दार बंद करून, आम्हा मुलांना अंगणात हाकलून. पण त्याआधीचं पुंगळीचं काम तुझं होतं. ते त्यांनी तुला दिलं नव्हतं, तू त्यांच्या हातून काढून घेतलं होतंस. पुंगळ्या दाबायच्या प्रेसचा दांडा ते कोर्टात टेबलावर मूठ आपटावी तसा खाली आणत. तू म्हणायचीस, “अहो, ते पितळ आहे, साक्षीदार नव्हे.”

गोळी उडते तेव्हा पितळ फुगतं आणि रायफलीच्या चेंबरचा, म्हणजे ज्या पोकळीत काडतूस बसतं तिचा, आकार घेतं. असं काही वेळा झालं की पुंगळी घट्ट होते, आणि तिला आत ढकलून चेंबर बंद करणारा बोल्ट मिटत नाही. मग तिला पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून जरा आत घ्यावी लागते. डायबरोबर एक छापील कागद आला होता. डाय अगदी तळाला टेकेपर्यंत खाली कसून बसवा, असं त्यात लिहिलं होतं. अण्णा तसंच करत. पुंगळी कारखान्यातून आत्ताच आल्यासारखी दिसायची, अण्णा खूश व्हायचे, आणि थोड्याच फेऱ्यांनंतर ती बुडाजवळ चिरायची. एका दुपारी तू तो कागद माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलास. इंग्रजी तुला येत होतं, पण माझ्या कॉन्व्हेंटच्या फीचं काही होतंय का, हे तुला बघायचं असावं. मी ठसक्यात वाचून दाखवलं. तू विचारलंस, “यात आपल्या रायफलीबद्दल काय लिहिलंय?”

“काहीच नाही.”

“मग किती दाबायचं ते यांना कसं कळलं?”

त्यानंतरचे दिवस मला अजून वासासकट आठवतात. तू रॉकेलच्या चिमणीवर पुंगळीचा खांदा धरतेस, म्हणजे जिथे ती मानेकडे निमुळती होते तो भाग. त्यावर आणि मानेवर काजळी बसते. एरंडेलाचं बोट खाली, अंगाला, अगदी पुसट लावतेस. जास्त लागलं तर तेलच पितळाला खळगा पाडतं. डाय मुद्दाम वर ठेवतेस, दांडा हलकेच आणतेस, पुंगळी काढून उजेडात बघतेस. मानेवरची काजळी पुसलेली असते, खांद्यावरची तशीच. मग डाय केसभर खाली. पुन्हा दाबणं, पुन्हा बघणं. खांद्यावरची काजळी पुसली गेली की तेल पुसून रिकामी पुंगळी रायफलीत घालून बघणं. बोल्टचा दांडा अडला की तू मान हलवतेस, पुन्हा केसभर. मग एक वेळ अशी येते की दांडा आपल्याच वजनानं खाली येतो आणि अगदी शेवटी किंचित, उंबऱ्याला चप्पल लागावी तितका, अडून मिटतो. तू म्हणतेस, “हं. आली.” आणि मला सांगतेस, “खांद्याला पतंगाच्या कागदाइतकं मागे न्यायचं. त्याहून जास्त नेलंस तर ती आत सैल बसते, उडताना तेवढीच पुन्हा ताणते, आणि ताणते ती बुडाशी. बुडाशी फाटली तर आतला जाळ मागे येतो. मागे कोण असतं?”

मागे अण्णा असत. त्यांचा गाल दस्त्याला टेकलेला असे. हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण भरून झालेल्या काडतुसांपेक्षा रिकाम्या पुंगळ्यांवर तुझी नजर जास्त वेळ का असायची, ते मला फार उशिरा कळलं. अंबाड्यातला आकडा काढून त्याचं टोक तू वाकवून ठेवलं होतंस. तो पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून फिरवायचीस. बुडाजवळ टोक कुठे अडखळलं तर ती पुंगळी त्याच क्षणी हातोडीखाली जायची. अण्णा हळहळायचे. “अगं, बाहेरून चांगली दिसतेय की!” तू म्हणायचीस, “बाहेरून तुम्हीही चांगले दिसता.”

शाळेचा प्रसंग आठवतो? ‘माय मदर’ या विषयावर निबंध होता. बाकीच्या मुलींच्या आया भरतकाम करत होत्या, केक करत होत्या. मी लिहिलं, माझी आई पितळाला आज्ञाधारक बनवते, आणि मग सगळं वर्णन केलं. सिस्टरनी मला खोटारडी म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन मी रडले नाही, संतापले. दुसऱ्या दिवशी तू चांगली इरकल नेसून शाळेत आलीस आणि सिस्टरच्या टेबलावर दोन रिकाम्या पुंगळ्या ठेवल्यास, एक चिरलेली, एक धड. विचारलंस, “सिस्टर, विच वन इज द लाय?” सिस्टर गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग हसल्या, आणि कौतुकानं म्हणाल्या, हाऊ स्वीट, तुम्ही मिस्टरांना मदत करता. तू पुंगळ्या पिशवीत टाकल्यास आणि म्हणालीस, “नो, सिस्टर. ही हेल्प्स मी.” मला त्या दिवशी पंख फुटले होते. घरी येताना मात्र तू मलाच झापलंस. “आज्ञाधारक काय लिहिलंस? मी पितळाला कधी काही सांगते का? ते जिथे बसणार आहे ती जागा बघते आणि तेवढंच करते. बघून लिहावं माणसानं.”

दुसऱ्यांदा बोलणी खाल्ली ती पिशव्यांवरून. प्रत्येक रायफलीच्या पुंगळ्यांना तू वेगळी पिशवी शिवली होतीस. अण्णांची निळ्या खणाची, त्यांच्या डॉक्टर मित्राची हिरवी. दोघांच्या रायफली एकाच बनावटीच्या. मी एकदा हौसेनं दोन्ही पिशव्या एकाच पातेल्यात ओतून सगळ्या पुंगळ्या चिंचेनं लखलखीत केल्या. तू आलीस, पातेलं बघितलंस आणि खाली बसलीस. मी म्हटलं, “सारख्याच तर आहेत सगळ्या.” तू म्हणालीस, “दुकानात होत्या सारख्या. एकदा उडाल्यावर नाहीत.” मग रायफल मांडीवर घेऊन एकेक पुंगळी तिच्यात घालून बघत बसलीस. डॉक्टरांच्या रायफलीचं चेंबर ऐसपैस, तिच्या पुंगळ्या आमच्या रायफलीत जाईनात. अशा निवडल्यास. संध्याकाळचा स्वयंपाक झाला नाही आणि अण्णांनी सगळ्यांसाठी पिठलं केलं, तेही जड हातानंच.

आता इथे एखादी लेखिका असती तर या पुंगळ्यांतून तिने संसाराचा धडा काढला असता. तू काढू दिला नसतास. पण मला जे मिळालं ते सांगायलाच हवं. जबल अलीत माझ्या टेबलावर दिवसभर तक्रारी यायच्या. माल फुटला, माल कुजला, दार बसत नाही. प्रत्येक तरुण साहेब एकच वाक्य घेऊन यायचा, “मॅडम, वी फॉलोड द स्टँडर्ड प्रोसिजर.” मी विचारायची, कुठल्या मालासाठी? कुठल्या कंटेनरसाठी? त्या दिवशी ऊन किती होतं? मग खरी गोष्ट बाहेर यायची. माझी नोकरी या एका प्रश्नावर चालली, आई, आणि चांगली चालली. लोकांना वाटायचं हे कॉन्व्हेंटचं वळण. कॉन्व्हेंटनं मला उच्चार दिले. प्रश्न तुझा होता.

तर तो शनिवार. क्लबात पुंगळ्या पुन्हा भरतात त्या क्लबच्याच परवान्यावर, आवारातल्याच खोलीत. घरी काही नेऊ देत नाहीत, आणि ते बरंच आहे. हे काम बघतात सुभेदारसाहेब. पाकिस्तानी पंजाबातले, फौजेतून निवृत्त झालेले, दाढीला मेंदी, आल्यागेल्याला स्वतःच्या हातचा चहा पाजणारे. त्या सकाळी टीमची निवड होती. नातीकडे तिची नेहमीची, क्लबची एक जुनी रायफल होती, अण्णांच्या रायफलीची बहीण शोभावी अशी. सुरुवातीचे नेम झाले, गोळीबार थांबला, सगळ्यांचे बोल्ट उघडे झाले, तेव्हा मी पुढे जाऊन तिच्या चटईवरची एक पुंगळी उचलली. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं होतं. दुसरी उचलली, तिलाही. मी अंबाडा कधीच सोडला, पण माझ्या विरळ केसांना अजून आकडा लागतो. तो काढला, टोक वाकवलं, आत फिरवलं. अडखळलं. आई, बोटाला कळतं गं. इतक्या वर्षांनीही कळतं.

मी म्हटलं, “खलास. ही रायफल आता उडणार नाही.”

“आजी, प्लीज. नॉट हिअर.” नात दातांतल्या दातांत. “माय टर्न इज नेक्स्ट.”

“तुझी टर्न राहू दे. तुझे डोळे आधी.”

“एव्हरीवन इज लुकिंग!”

“बघू देत. डोळे आहेत तोवर बघावं.”

सुभेदारसाहेब आले. नम्र माणूस, पण त्यांच्या कामाला हात घातला होता मी, चारचौघांत. म्हणाले, “आंटीजी, ये मेरे हाथ का माल है. डाय बिल्कुल किताब के मुताबिक कसी है, आखिर तक.”

“किताब ने ये रायफल देखी है क्या?”

मागे कुणीतरी हसलं. त्यांचा चेहरा कडक झाला. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हेही तुला सांगते. क्लबच्या सगळ्या रायफलींच्या पुंगळ्या एकाच डब्यात पडतात, कुठलीही कुठल्याही रायफलीत बसायला हवी, म्हणून ते सगळ्याच पूर्ण दाबत. पण या म्हाताऱ्या रायफलीचं चेंबर ऐसपैस होतं. तिच्यात प्रत्येक वेळी पितळ ताणलं जात होतं, आणि निवडीच्या सरावात सगळ्यात जास्त गोळ्या माझी नातच उडवत असल्यामुळे त्याच पुंगळ्या फिरून फिरून तिच्याकडे येत होत्या. मी पातेल्याची गोष्ट सांगत बसले नाही. म्हटलं, “करवत है? एक काटिए. मैं गलत निकली तो सबके सामने माफी मांगूंगी.”

त्यांनी वाइसच्या जबड्यात एक पुंगळी धरून उभी चिरली. बुडाजवळ आतून पितळ खरवडून काढल्यासारखी खोल खाच होती. एका बाजूला तर कागदाइतकीच भिंत उरली होती. त्यांनी नातीच्या बाकावरची सगळी काडतुसं स्वतः गोळा केली, खोलीत नेऊन कुलूप लावलं आणि परत आले. माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर बदलली होती. “कहां से सीखा आपने? वालिद साहब फौज में थे?”

नात रडकुंडीला आली होती. पुढची पाळी खोळंबली होती. दहा पुरुष कान देऊन उभे होते. फौजी बाप म्हटला की सगळं एका क्षणात बसणार होतं. ओट्याशी उभी आई म्हटलं असतं तर समजावत बसावं लागलं असतं. मी म्हटलं, “जी.”

एका अक्षरात तुला खोडलं. अण्णांना वकिलाचा फौजी केलं ते वेगळंच. आणि हे कुणी केलं? जिला जन्मभर राग होता तिने. दिवाणखान्यातले नेमबाजीच्या बक्षिसाचे सगळे कप अण्णांच्या नावाचे, ‘काय हात आहे वकीलसाहेबांचा’ म्हणत लोक चहा पिऊन जायचे, आणि ते कप चिंचेनं घासायचीस तू. मी कितीदा चिडून म्हटलं, तू बोलत का नाहीस! तू म्हणायचीस, “नेम त्यांचाच आहे की.” तू खरं तेवढंच बोलायचीस. मला तेवढंही जमलं नाही.

नातीला नवी, कारखान्याची काडतुसं दिली. तिला त्यांची सवय नव्हती, मनही ठिकाणावर नव्हतं. टीममध्ये तिचं नाव आलं नाही. परतताना गाडीत ती एकच वाक्य बोलली, “यू डोन्ट गेट टु डू दॅट, आजी.” मी म्हटलं, “केलं.” तिने मला अल मनखूलला माझ्या इमारतीखाली सोडलं आणि वर न येता मरीनाला आपल्या घरी निघून गेली. मी जिने चढताना पुटपुटत होते की जगात कुणाला उपकाराची जाणीव नाही. लिफ्ट चालू होती. रागात मला ती दिसली नाही.

बरेच दिवस फोन नाही. मग एका संध्याकाळी ती स्वतःच आली. तुझ्या जावयांनी दार उघडलं, “या, महाराणी,” म्हणाले आणि शहाण्यासारखे पेपर घेऊन बाल्कनीत गेले. तिने माझ्यासमोर मोबाइल धरला. त्यावर तशाच चिरलेल्या पुंगळ्यांचे फोटो, आणि एका माणसाच्या गालाचा फोटो. तो मी पूर्ण बघितला नाही. ती माझ्या शेजारी बसली, अंग चिकटवून, लहानपणी बसायची तशी. “सॉरी, आजी.” मग म्हणाली, “पणजोबांनी शिकवलं ना? ही मस्ट हॅव बीन सो कूल.”

“पणजोबांचा हात जड होता,” मी म्हटलं. आणि तिला सगळं सांगितलं. चिमणी, काजळी, एरंडेल, आकडा, सिस्टर. ‘ही हेल्प्स मी’ला ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसणं थांबल्यावर तिने विचारलं, “देन व्हाय डिड यू टेल हिम इट वॉज युअर डॅड?”

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, हे सगळ्या घराला माहीत आहे. मी म्हटलं, “घाई होती.” ती म्हणाली, “यू हॅव टु टेल हिम.” अगदी तुझ्याच सुरात. ती तुला कधी भेटली नाही, हे मला तिला बघताना विसरायला होतं.

गेल्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. सुभेदारसाहेबांनी त्या रायफलीच्या पुंगळ्यांसाठी वेगळी डबी केली आहे, तिच्यावर नातीचं नाव. मला चहा दिला, मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, “सुभेदारसाहेब, उस दिन मैंने झूठ बोला. वालिद वकील थे. मुझे मेरी वालिदा ने सिखाया. किचन में.”

त्यांनी कप अर्ध्यावर धरला. “किचन में?”

“जी. ओटे पे.”

त्यांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, “तभी. मर्द होता तो आखिर तक कसता.” आणि आम्ही तिघंही हसलो, ते सगळ्यात मोठ्यानं. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, आईचं नाव काय? मी सांगितलं. त्यांनी ते नीट म्हणून बघितलं, दोनदा, उच्चार बरोबर येईपर्यंत. वाळवंटातल्या त्या पत्र्याच्या खोलीत तुझं नाव एका मेंदीवाल्या पंजाब्याच्या तोंडून ऐकताना मला काय झालं ते लिहीत नाही. तुला असली वर्णनं आवडत नसत.

मग ते खुर्चीवरून उठले आणि प्रेसकडे हात केला. “आप दिखाइए. जैसे वालिदा करती थीं.” मेणबत्ती आणली, नातीनं काजळी धरली, बोटाला तेल लावलं. इथे घराला पत्ता नसतो, पत्रं पोस्टातल्या पेटीच्या नंबरावर येतात. तुझ्याकडे तोही नाही, म्हणून हे पत्र माझ्याच कपाटात राहणार आहे आणि एक गोष्ट निर्धास्तपणे लिहिता येते. नातीसमोर आणि त्या भल्या माणसासमोर तुझ्या नावानं दाबलेली पहिलीच पुंगळी मी जास्त दाबली. बोल्ट सरळ मिटला, शेवटी कुठेच अडला नाही. मी म्हटलं, “डाय ढीली है आपकी.” त्यांनी पाना घेऊन ती मुकाट्यानं घट्ट केली.

डाय सैल नव्हती, आई. अण्णांचा हात आलाय मला.